पालीकरांचा बर्गर

पाली म्हटलं की निम्मा महाराष्ट्र बल्लाळेश्वराला हात जोडतो. ती पाली रायगडातली. आमची पाली बीडची. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की खजाना बावडी मागं पडते, बिंदुसरेचं धरण दिसू लागतं आणि मांजरसुंब्याचा घाट चढायच्या आत आमचं गाव येऊन जातं. ‘येऊन जातं’ असंच म्हणायला हवं, कारण लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्यासाठी कधी ब्रेक दाबत नसत. पावसाळा मनासारखा झाला आणि धरण सांडव्यावरून वाहू लागलं की मात्र अख्खं बीड आमच्याकडं लोटतं. कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटतात, मोटारसायकली रस्त्यावर आडव्यातिडव्या लागतात आणि पालीकर चार दिवस छाती काढून हिंडतात, जणू पाणी त्यांनीच सोडलंय.

खाण्याच्या बाबतीत गाव सरळ होतं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, हुलग्याच्या शेंगोळ्या, अंबाडीची भाजी, ठेचा. हुरड्याच्या दिवसांत हुरडा, दिवाळीच्या आगेमागे बालाघाटच्या माळावरची सीताफळं. पाव नव्हता असं नाही, पण तो आजारी माणसाचा. ताप आला, जिभेची चव गेली, भाकरी गिळेना झाली की घरातलं कुणीतरी बीडला जाऊन बेकरीतून पाव आणायचं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. तो दुधात बुडवून खायचा. कुणी सिव्हिलला ॲडमिट असलं तर भेटायला जाणारा पाव, ग्लुकोजचा पुडा आणि जमलं तर मोसंबी घेऊन जायचा. पेशंटच्या उशाशी असे चार-पाच पुडे जमले की समजावं, माणूस गावात वजन राखून आहे.

आम्हा पोरांना त्या पावाचं भारी आकर्षण. मी तर ताप यावा म्हणून भर उन्हात विहिरीवर पोहून ओल्या अंगानं बसल्याचं आठवतं. ताप आला नाही, पाठीत धपाटा मात्र आला. त्यामुळं धडधाकट माणसानं दिवसाढवळ्या, हॉटेलात बसून, पैसे मोजून पाव खायचा, ही गोष्ट मला पुण्याला जाईपर्यंत ठाऊकच नव्हती. वडापाव बीडच्या स्टँडवर आला होता, खरंय. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केलेला तो प्रकार घाट चढून आमच्यापर्यंत पोहोचायला बराच काळ गेला. पण तो उभ्या उभ्या, गाडी सुटायच्या आत तोंडात टाकायचा. त्यानं जेवण झालं असं घरी सांगितलं असतं तर आई रडलीच असती.

मी पुण्यात वाडिया कॉलेजला आलो तो नव्वदच्या दशकाचा मध्य. पालीहून मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा, नगर आणि मग शिवाजीनगर, असा एसटीचा हाडं खिळखिळी करणारा प्रवास. (आगगाडी बीडला पोहोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, तेव्हा तिची वाट बघत बसलो असतो तर अजून बारावीच असतो.) रास्ता पेठेत कॉट बेसिसवर खोली, महिन्याच्या कुपनावर मेस, आणि संध्याकाळी एका एसटीडी बूथवर बसायचं काम. त्या बूथच्या पगारातून मेस आणि खोली वजा केली की जे उरायचं त्याला आम्ही ‘ऐश’ म्हणायचो.

त्या ऐशीतून मला बर्गर भेटला. कॉलेजातून शनिवारी लवकर सुटलो की आम्ही स्टेशनवरून, साधू वासवानी चौकातून, जीपीओवरून चालत कॅम्पात जायचो. कॅम्प म्हणजे आमच्यासारख्यांना परदेशच. मेन स्ट्रीटवरून काचा बघत फिरायचं, ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीसमोरची श्रूजबेरीसाठीची रांग बघायची, व्हिक्टरी थिएटरचे फोटो बघायचे आणि मेसची वेळ टळायच्या आत परत फिरायचं. त्याच ईस्ट स्ट्रीटवर बर्गर किंग होतं. अमेरिकेतलं नव्हे, पुण्यातलं; १९९२ पासूनचं, अनाहिता आणि शापूर इराणी यांचं. तेव्हा आम्हाला अमेरिकेत त्याच नावाचं काही आहे हेही ठाऊक नव्हतं. असेल तर त्यांनी पुण्याचं बघून ठेवलं असेल, असा आमचा एकूण समज.

आत जायला पाय धजायचे नाहीत, ते पैशापेक्षा इंग्रजीच्या भीतीनं. पण तिथं काउंटरवर हिंदी चालायचं, आमचं मराठवाडी हिंदीसुद्धा. भिंतीवरची यादी वाचायची, आकडा बघायचा, पैसे द्यायचे आणि उभं राहायचं. वेटर येऊन मोठं मेनूकार्ड समोर ठेवणार, आपण डावीकडचं सोडून उजवीकडच्या किमती वाचणार आणि तो ते ओळखणार, हा जो कॅम्पातल्या मोठ्या हॉटेलांचा धाक असायचा, तो इथं नव्हता. किमतीही अशा की नोट मोडावी लागायची, पण खिशात परत काहीतरी यायचं.

आणि मग तो कागदातला बर्गर हातात यायचा. कागद गरम, बोटांना तेलकट लागणारा. उघडला की आधी मेयोनेजचा वास, मग तळलेल्या चिकनचा. पावाची आतली बाजू लोण्यावर भाजलेली, कडेनं किंचित करपलेली. वरची बाजू मऊ. पहिला घास घेतला की मागच्या बाजूनं सगळं बाहेर यायला बघायचं, म्हणून दोन्ही हातांनी कागदासकट आवळून धरायचं आणि मान वाकडी करून खायचं. शेवटी कागदाच्या कोपऱ्यात कोबीचे तुकडे आणि मेयोनेज उरायचं. ते चाटायचं की नाही हे शेजारच्या टेबलावर कोण बसलंय त्यावर ठरे. मी तेव्हा विसाव्या वर्षाचा, दुपारच्या मेसला सात पोळ्या हाणणारा. तरी त्या एका बर्गरनं संध्याकाळच्या बूथपर्यंत पोट बोलत नसे. कमी पैशांत, नीट बसून, पोट भरेल असं दुपारचं खाणं, तेही कॅम्पात. त्या वयात माणसाला शहरात जागा मिळाली असं वाटायला याहून जास्त काही लागत नाही.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं. पण त्या वर्षी दसऱ्यानंतर मोठ्या मायच्या पोटात कळा सुरू झाल्या. मोठी माय म्हणजे आमची थोरली चुलती. पित्ताशयात खडे निघाले, बीडच्या डॉक्टरांनी ससूनला जा म्हणून सांगितलं आणि नाना, म्हणजे थोरले चुलते, तिला घेऊन पुण्याला आले. सोबत भाकरीचं गाठोडं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, पिशवीभर सीताफळं.

नाना पुण्याला पहिल्यांदाच आले होते असं नाही. आमच्या जिल्ह्यातली हजारो माणसं दरवर्षी ऊस तोडायला जातात, त्यांतलेच नाना आणि मोठी माय. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा झाला की बिऱ्हाड ट्रकवर चढवायचं आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत कारखान्याच्या तळावर कोपीत राहायचं. थेऊरचा यशवंत, तिकडं सोमेश्वर, माळेगाव. पुणे जिल्ह्यातले ऊसाचे फड नानांना तोंडपाठ. बायका पहाटे तीनला उठून भाकरी थापणार, ती भाकरी दुपारी फडात पाचटावर बसून गार खायची. एवढं आयुष्य पुण्याच्या आसपास काढलेल्या या माणसानं पुण्यातल्या हॉटेलात बसून कधी जेवण केलेलं नव्हतं. म्हणायचे, “पुणं म्या लई पाह्यलंय. ट्रकातून.”

त्या वर्षी टोळी त्यांच्याशिवाय गेली. उचल घेतलेली, मुकादमाचा निरोप आलेला, आणि नाना ससूनच्या आवारात झाडाखाली पेशंटांच्या इतर नातेवाइकांबरोबर पथारी टाकून. १८६७ पासून उभ्या असलेल्या त्या जुन्या दगडी इमारतीकडं बघत ते दिवसभर बसायचे. वाडिया ससूनपासून फार लांब नाही, त्यामुळं मी येताजाता डोकवायचो. ऑपरेशन नीट झालं. मोठ्या मायला पातळ खायला सांगितलं होतं. नानांची भाकरी संपली होती, उरलेली वाळून खडंग झालेली, आणि ते चहात पाव बुडवून दिवस काढत होते. म्हटलं, “नाना, चला, जेवायला जाऊ.”

“आन् हिला?”

“ती झोपलीय. सिस्टर आहेत.”

मोठी माय झोपली नव्हती. ती डोळे मिटून पडली होती, हे आम्हाला पुढं कळलं.

चालत निघालो. नाना वाटेत प्रत्येक मोठ्या इमारतीपाशी थांबून ती कुणाची, असं विचारायचे आणि मी सरकारची म्हणून सांगायचो. कॅम्पात आलो. बर्गर किंगात शिरताना नानांनी दारातच वहाणा काढल्या. मी म्हटलं राहू द्या, तेव्हा पुन्हा घातल्या आणि मग टोपी काढावी का म्हणून विचारलं. शनिवार नव्हता, एकादशी नव्हती, तरी दवाखान्यात माणूस असताना नाना मटण-मच्छीला शिवणार नव्हते. त्यांना व्हेज, मला चिकन. पैसे दिले, खुर्च्यांवर बसलो.

कागद उघडून नाना बराच वेळ बघत राहिले. “पाव?” त्यांनी हळूच विचारलं. “आरं, आजारी ती हाय.”

मग त्यांनी जे केलं ते मी आजतागायत दुसऱ्या कुणी करताना पाहिलेलं नाही. बर्गर त्यांनी डाव्या तळहातावर ठेवला, फडात भाकरी ठेवतात तसा. उजव्या हातानं वरच्या पावाचा तुकडा मोडला, त्यानं खालच्या कटलेटचा थोडा भाग उचलला आणि घास केला. मग पुढचा. मेयोनेजला बोट लावून चाखलं, “गोडसर हाय” म्हणाले आणि कोपरीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. शेंगदाण्याची चटणी. ती कटलेटवर सढळ हातानं भुरभुरवली. आता त्यांना ते जमलं. तळहातावरचा बर्गर घासाघासानं गोल कमी होत गेला. एक कण खाली सांडला नाही. माझा मात्र नेहमीप्रमाणं कागदात अर्धा सांडलेला.

टेबलं पुसणारा पोरगा आमच्याकडं बघत होता. नानांनी त्याला विचारलंच, “कुठलं गाव?” नाना हा प्रश्न कुणालाही विचारतात, उद्या राष्ट्रपती भेटले तरी विचारतील. पोरगा करमाळ्याचा निघाला. मग काय, करमाळ्याच्या कुठल्या अंगाचा, पाऊसपाणी कसं, तिकडची टोळी कुठल्या कारखान्याला गेली, सगळं झालं. निघताना नानांनी पिशवीतून दोन सीताफळं काढून त्याच्या हातात दिली. “डोळा उघडलाय, उद्या-परवा खा.” पोरगा त्या फळांकडं बघून असा हसला की मला एकदम गावाकडं जावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर नानांनी किंमत विचारली. सांगितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत; मनात हिशेब चालला होता, बहुधा मोळ्यांचा. मग म्हणाले, “एवढ्यात बसून जेवाण हुतंय, तर वाईट न्हाई. पंखा बी हाय.”

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण नाना गावाकडं परत गेले. पारावर त्यांनी पुण्याचं वर्णन सुरू केलं आणि त्यात ससूनपेक्षा बर्गर मोठा होत गेला. पाव ताटाएवढा झाला. कटलेटला ते ‘थालीपीट’ म्हणत. इराण्याच्या दुकानात नानांनी दिलेली चटणी मालकाला आवडली आणि त्यानं ती रेसिपी मागितली, इथपर्यंत मजल गेली. मी दिवाळीत गावी गेलो तेव्हा चार माणसांनी मला विचारलं की चटणीचे पैसे मिळाले का.

त्याचा परिणाम असा झाला की पुढं पालीतून ससूनला कुणीही निघालं की नाना त्याला कागदावर दोन पत्ते लिहून देत. एक वॉर्डाचा, एक माझ्या बूथचा. “पोराला भेटा. त्यो कॅम्पात घिऊन जाईल.” पेशंटबरोबरचा माणूस भाकरीचं गाठोडं झाडाखाली ठेवून, धोतर सावरत, माझ्यासमोर उभा राहायचा. कुणी आईला घेऊन आलेलं, कुणी बाळंतिणीला. मी त्यांना ईस्ट स्ट्रीटला न्यायचो. माझी ऐश त्यात वाहून गेली. एक-दोघांनी पैसे द्यायचा हट्ट धरला, बाकीच्यांनी गावाकडं आलास की कोंबडं कापतो, असं कबूल केलं. ती कोंबडी अजून कुठंतरी फिरत असतील. पण ज्या माणसाचा जीव दवाखान्यात टांगलेला आहे, त्यानं एक दुपार पंख्याखाली बसून पोटभर खाल्लं की त्याच्या चेहऱ्यावर काय फरक पडतो, हे मी तेव्हा बघितलं. उरलेले दिवस तो पाव-चहावर काढायला तयार व्हायचा.

पुढं बर्गर सगळीकडं झाला. १९९६ साली मॅकडोनल्ड्स दिल्ली-मुंबईत आलं, गोमांस न विकणारं, आणि काही वर्षांत २० रुपयांच्या आलू टिक्की बर्गरनं कॉलेजची पोरं आत ओढली. २००१ मध्ये मालाडला सुरू झालेलं जम्बोकिंग तर वडापावाला ब्रँड करायला निघालं आणि हळूहळू आपल्या वड्यालाही बर्गर म्हणू लागलं. याला काय म्हणावं? अशोक वैद्यांचा वडा काही कमी प्रतिष्ठित नव्हता. त्याला परक्या आडनावाची गरज काय होती, हे मला कळलेलं नाही. दुकान चाललं, त्यामुळं माझं म्हणणं कोण ऐकणार.

मग जुलै २०२४ मध्ये पेपरात बातमी आली. फ्लोरिडात १९५४ साली सुरू झालेल्या बर्गर किंग कंपनीनं पुण्याच्या बर्गर किंगवर २०११ साली नावावरून दावा लावला होता, आणि पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. अमेरिकेची कंपनी भारतात दुकान घालायला आली २०१४ साली; पुण्याचं दुकान त्याच्या २२ वर्षं आधीचं, हा मुद्दा ठळकपणे पुढं आला. आमच्या घरी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवावी लागली. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या आमच्या गावाला हे प्रकरण लगेच समजलं: आधी नांगर कुणी घातला, एवढाच प्रश्न. नाना खूष. “चटणीवाल्याचं दुकान वाचलं” असं त्यांनी पारावर जाहीर केलं. पुढं प्रकरण वरच्या कोर्टांत गेलं, पण ते मी नानांना सांगायच्या भानगडीत पडलो नाही. एक निकाल लागल्यावर वरचं कोर्ट असतं, हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही; त्याला ते आधीच माहीत असतं.

रस्ता चौपदरी झाल्यापासून आमच्या बाजूलाही हॉटेलांची रांग लागली आहे. धाबे आहेतच, पण त्यांत आता रंगीत खुर्च्यांची, मोबाइलवर मेनू दाखवणारी कॅफेही आहेत. बीडच्या कॉलेजातली पोरं धरण बघायला आली की तिथं बसतात. बर्गर मिळतो: पावात बटाट्याची टिक्की, कांद्याची चकती, भरपूर सॉस आणि वर, मराठवाड्याची सही म्हणून, बारीक शेव. चिजाचा चौकोनी तुकडा मागितला तर वेगळे पैसे. वाईट नाही. पाव ताजा असतो, कारण बेकरी जवळ आहे, आणि किंमत अजूनही अशी आहे की उसाच्या पट्टीवरून घरी आलेलं पोरगंही मित्राला खिलवू शकतं. मेयोनेज मात्र पाकिटातलं, गोडमिट्ट. नाना असते तर, असं लिहायची वेळ सुदैवानं आलेली नाही. नाना आहेत, दात नाहीत.

मागच्या दिवाळीत पुतणीनं हट्ट केला म्हणून सगळ्यांना गाडीत घालून तिथं गेलो. आमचं दुपारचं जेवण तिथंच, असं तिनं जाहीर केलं होतं. नाना, मोठी माय, पोरं. बर्गर आले. नानांनी डाव्या तळहातावर घेतला, पण दात नसल्यामुळं पाव तेवढा चहात बुडवून खाल्ला आणि टिक्की पुतणीला दिली. चटणी आणायला विसरले म्हणून स्वतःवरच चिडले. मग त्यांनी पोरांना पुण्याची गोष्ट सांगायला घेतली. पाव ताटाएवढा, थालीपीट, इराणी मालक, करमाळ्याचा पोरगा, सगळं. पोरं पोट धरून हसत होती.

मोठी माय एवढा वेळ काही बोलली नाही. तिनं बर्गर उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, एक कोपरा दाढेखाली नीट चावला. सावकाश गिळला. मग नानांकडं वळली.

“ह्यासाठी मला खाटंवर टाकून गेला व्हता व्हय?”

नाना म्हणाले, “तू झोपली व्हतीस.”

“जागी व्हते,” मोठी माय म्हणाली, आणि माझ्याकडं बघून, “सिस्टर बी न्हवती.”